कुलूपबंद तिसरं रीळ

कोल्हापूर सुटलं आणि बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या काकूंनी माझ्या मांडीवरच्या गोल पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवत विचारलं, "लोणचं नेतेस का ग? वास येतोय." मला रागच आला. डब्यात सोळा मिलिमीटरचं रीळ होतं, आमच्या गावात तयार झालेल्या एका कृष्णधवल चित्रपटाचं. जुन्या सिनेमाला असा आंबूस वास असतोच, हे मी त्यांना ठणकावून सांगितलं. त्या पदर नाकाला लावून, तोंड फिरवून झोपल्या.

या चित्रपटाची चार रिळं. पहिलं, तिसरं आणि चौथं आमच्या चित्रपट मंडळाच्या लोखंडी पेटीत होती. दुसरं कुठंच नव्हतं. मग कळलं की बेंगळुरूत शिवाजीनगरला एक बाई जुने चित्रपट छोट्या रिळांवर विकतात, लोकांनी घरी बसून बघावेत म्हणून. आणि आमचं दुसरं रीळ त्यांच्याकडे आहे. म्हणजे सगळ्या गावाचा ठेवा कुणा एकाच्या दिवाणखान्यात जाणार! मी त्याच दिवशी पत्रक लिहून काढलं : 'सिनेमा घरात कोंडणाऱ्यांना जाब'. छापलेला गठ्ठा आणि ताडून बघायला आमचं तिसरं रीळ घेऊन निघाले.

तुमकूर रस्त्याने शहर सुरू होतं तेव्हा सकाळ झाली होती. खाली लॉऱ्यांची रांग, वर मेट्रोचे खांब, ढगाळ गार हवा. राजाजीनगरला मैत्रीण राहते, मृण्मयी, पुण्याची, आयटीत आहे. तिच्या कोपऱ्यावर उभ्यानेच तट्टे इडली (ताटलीएवढी, चपटी) खाल्ली. चटणी दोनदा मागून घेतली. वाढणारे अण्णा 'स्वल्प, स्वल्प' (थोडी, थोडी) म्हणत भरपूर वाढत होते. एवढं एकच त्या सकाळी बरं झालं. कारण मृण्मयीच्या घरात शिरले, तर सोफ्याशेजारी दिवा, आणि दिव्याची शेड चित्रपटाच्या पट्ट्या कापून विणलेली. जवळ जाऊन पाहिलं. चौकटीचौकटीत एक बाई दारात उभी होती.

"अगं, डेकोर आहे ते. ऑनलाइन घेतलं. चिल ना," मृण्मयी म्हणाली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती ऑफिसला गेली तेव्हा आमचं बोलणं बंद होतं, आणि शिवाजीनगरच्या बसमध्ये बसेपर्यंत माझी खात्री झाली होती की या पट्ट्या त्याच बाईंच्या दुकानातून आल्या असणार.

शिवाजीनगरच्या बसस्थानकामागे गल्ल्या आहेत. फुलांचे हारे, भंगारातले पंखे, कबाबाचा धूर. एका मेकॅनिकला रिळाचं दुकान विचारलं. "रील अक्का? मेलगडे (वर)," असं म्हणून त्याने पान्याने जिना दाखवला.

अक्का साठीच्या पुढच्या, नऊवारी नाही, साधी सुती साडी, डोळ्याला जाड चष्मा. त्यांच्या चार पिढ्या इथे गेल्या, मराठी घरापुरती. मी नमस्कारसुद्धा न करता पत्रक पुढे केलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"झकास लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "आता डबा दे."

मला वाटलं, लेबल बघतील. त्यांनी लेबलाकडे पाहिलंच नाही. झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि डबा उचलून थेट खिडकीत, बाहेरच्या बाजूला ठेवला.

"हुळी (आंबट). आंबलंय ग. कशात ठेवता?"

पेटीत, मी सांगितलं. लोखंडी, कुलूपबंद, आत डांबराच्या गोळ्या. हवा लागू देत नाही. खरं तर अभिमानाने सांगितलं.

मग अक्कांनी जे सांगितलं ते मला एकाही चर्चासत्रात कुणी सांगितलं नव्हतं. या फिल्ममधून आम्ल सुटतं, त्याचा वास व्हिनेगरसारखा. कोंडलं की ते त्याच फिल्मला खातं, आणि शेजारच्या डब्यालाही लागतं. म्हणून अक्का रीळ विकतात ते ज्याच्याकडे ते चालवायचं यंत्र आहे त्यालाच, आणि एका अटीवर : दर आयुधपूजेला (आपली खंडेनवमी) ते रीळ आणि यंत्र घेऊन त्यांच्याकडे यायचं. त्या रीळ उलगडतात, पुसतात, भिंतीवर चालवून बघतात, मग यंत्राला कुंकू लावतात. दोन वर्षं जो आला नाही त्याला पुन्हा रीळ नाही.

आणि आम्ही? आम्हीही दर खंडेनवमीला त्या पेटीला झेंडूचा हार घालतो. कुलपावर हळदकुंकू वाहतो. पेढे वाटतो. कुलूप उघडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मी तरीही हटून दिव्याचं काढलं.

"ते दिवेवाले येतात ना इथं पण. हाकलते मी," अक्का म्हणाल्या. "पण त्यांनी कापलेलं डोळ्याला दिसतं. तुमच्या पेटीतलं कुणाला दिसणार? एकदा तरी चालवून बघितलंस का, ज्यासाठी भांडतेस ते?"

नाही, म्हणाले.

"सरी (बरं). कूतकोळ्ळी," म्हणजे बसा. मघापासून अगंतुगं करणाऱ्या बाईंनी कन्नडमधून असं आदराने बसवलं तेव्हा फार लागलं.

खिडकीला चादर लावून त्यांनी आमचं दुसरं रीळ चुन्याच्या भिंतीवर चालवलं. अर्धा तास. रंकाळा होता, काठावर म्हशी होत्या, आज बुजलेला एक घाट होता. माझ्या गावाचा सिनेमा मी पहिल्यांदा पाहत होते, तोही परगावी, कुणाच्या तरी घरात.

दुसरं रीळ त्यांनी दिलं नाही. आंबलेल्यांच्या शेजारी ते ठेवणार नाही म्हणाल्या. आयुधपूजेपर्यंत उरलेली दोन्ही इकडे आणा, वाचतंय का बघू, मग चारही एकत्र घेऊन जा. पण आधी यंत्र मिळवा. त्यांनी मला भोकं पाडलेला एक डबा नमुन्याला दिला, पण तिसरं त्यात घालून परत नेऊ दिलं नाही. ते त्यांच्याच खिडकीत राहिलं, वाऱ्यावर. मृण्मयीला मी बसमधून फोन केला आणि माफी मागितली, पण दिवा वाईटच आहे हेही सांगितलं.

कोल्हापुरात उतरले ती थेट मंडळात. किल्ली मागितली. पेटीतले डबे उघडताच सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, भावनेने नव्हे. पहिल्या रिळाला वास कमी होता. चौथं कडेने वाकलं होतं. आमचे सचिव शांतपणे म्हणाले, "हा वास तर केव्हापासून येतोय." केव्हापासून! आणि इतकी वर्षं आम्ही जगाला जाब विचारत हिंडलो.

पत्रकांचा गठ्ठा उरलाय. त्याचं शीर्षक बदलायची गरज नाही, फक्त ते आधी आमच्याच भिंतीवर लागेल. खंडेनवमीला दोन महिने आहेत. यंदा पेटीला हार घालायला कुणी येऊ नये. पेटी रिकामी असेल.