काटाचाचांचं पहिलं माप

श्रावणातला दुसरा मंगळवार. ठिकाण माण तालुक्यातल्या एका वाडीचं समाजमंदिर. खरेदी शाळू ज्वारीची, रक्कम एक लाख चौदा हजार आठशे रुपये. हजर तिघे: वही घेऊन मी, विकणाऱ्या बायकांच्या वतीने हिराक्का, आणि तोलायला काटाचाचा.

तोलताना श्वास रोखून धरणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुळईच्या कडीला तराजू टांगलेला, एका पारड्यात दहा किलोचं वजन, दुसऱ्यात ज्वारी. काटा सरळ उभा राहीपर्यंत चाचा तोंड मिटून, छाती आवरून उभे राहायचे. काटा थांबला की श्वास सोडायचे आणि आकडा पुकारायचे. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या फुकरीनं पारडं हललं, तर ते वजन कुणाच्या नावावर घालू, साहेब?"

मी कडेगावला एका पतसंस्थेत हिशेब बघतो. त्या वर्षी कृष्णेला पूर आला आणि पलूसकडची गावं पाण्यात गेली. आमच्या मदत समितीने धान्य वाटायचं ठरवलं. व्यापाऱ्याकडून गहू घेणं सोपं होतं. पण समितीतल्या एका शिक्षकांनी सुचवलं, माणदेशातल्या दोन-चार एकरवाल्यांच्या घरी शाळू आहे, त्यांना भाव मिळत नाही, त्यांच्याकडूनच घेऊ. भाव चाळीस रुपये किलो ठरला. वही माझ्याकडे आली.

बायका पाट्या आणि पोती ठेवून लगेच परत जात होत्या. कुणाची शेळ्या-मेंढ्यांची वेळ झालेली, कुणाचे पुरुष मुंबईला, घरात दुसरं कुणी नाही. हिराक्का स्वतः धनगराघरची, बोलायला खणखणीत. तिला मी म्हटलं, तोलेपर्यंत तरी थांबायला सांगा. तिने मलाच झाडलं. "काटाचाचा हाय म्हटल्यावर हुबं कशाला ऱ्हायचं? आमच्या सासूच्या तवापास्नं त्येच मोजत्यात. तुमी लिवा."

पारड्यातून चार दाणे फरशीवर सांडले तरी चाचा खाली बसून ते वेचायचे आणि ज्याच्या पोत्यातले त्याच्याच मापात टाकायचे. एका माणसाचा माल उचलला की रुमालाने पारडं पुसायचे, मगच दुसऱ्याचं पोतं सोडायचे. काटा टांगलेला असेपर्यंत चहा घेत नसत. दुपारी हिराक्काने चहाची किटली आणली तर म्हणाले, "ठिव तिकडं. ह्यो उतरला की पितो."

"गार हुईल की!"

"हू दे. गार चहाचं वजन कमी हुत न्हाई."

गंमत करायची सवय होती त्यांना. मला खालून वरपर्यंत बघून म्हणाले, "साहेब, तुमी त्र्याहत्तर किलो." घरी येऊन वजन केलं, साडेबहात्तर भरलं. पुढे फोनवर मी हे सांगितलं, तर म्हणाले, "चपला काढल्या असत्याल."

प्रत्येक नव्या माणसाच्या मालाचं पहिलं पारडं घातलं की ते "लाभ" असं म्हणायचे. मी हा शब्द काय म्हणून विचारलं. "आमच्यात बरकत म्हणत्यात, हितं लाभ. ज्याचा माल त्याचा शब्द," असं उत्तर मिळालं. मला ते फार आवडलं. आपण कागदाच्या माथ्यावर श्री लिहितो, तसं हे असणार, असं मी मनाशी ठरवलं आणि पुढे विचारलं नाही. ते "लाभ" म्हणाले की मी विकणाऱ्याचं नाव लिहायचो. मग पुढच्या प्रत्येक पुकाराला एक रेघ. आकडा कोणता पुकारला जातोय तिकडे माझं लक्ष नव्हतं. बाहेर ट्रक चालूच ठेवलेला होता, भुरभुर पाऊस होता. आवाज आला की मी रेघ ओढत होतो आणि शेवटी रेघा मोजत होतो. एक्केचाळीस नावं, दोनशे सत्त्याऐंशी रेघा, दोन हजार आठशे सत्तर किलो. बेरीज दोनदा केली. तोलाई मापामागे दोन रुपये, चाचांना पाचशे चौऱ्याहत्तर जागेवर दिले.

पंधरा दिवसांनी पैसे आणि चिठ्ठ्या वाडीवर पोचल्या, आणि हिराक्काचा फोन आला.

"साहेब, माझी ज्वारी गिरणीवर मोजून आणली हुती. नव्वद. चिठ्ठीवर ऐंशी लिवलंय."

"वहीत आठ मापं आहेत."

"निस्ती माझीच न्हाई वो. सगळ्यांचीच कमी भरलीया. चाचानं चढतं माप घातलं काय?"

या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "माझी वही बरोबर आहे. काट्याचं मला माहीत नाही."

त्याच आठवड्यात पलूसच्या गोदामातून कागद आला. तिथे पोती फिरून तोलली तेव्हा तीन हजार दोनशे ऐंशी किलो भरली होती. चारशे दहा किलो जास्त. म्हणजे चाचांनी प्रत्येक मापात ज्वारी जास्त घातली आणि बायकांचं नुकसान झालं, असाच त्याचा अर्थ निघत होता. मी तो कागद फायलीला लावला. हिराक्काने पुन्हा विचारलं तेव्हा जास्तीच्या ज्वारीचं खरं ते सांगून टाकलं. चोरी म्हणून नव्हे, म्हातारपणी नजर चुकली असेल असं मी म्हणालो. माझ्या मते ते सौम्य शब्द होते.

वाडीवर ते सौम्य राहिले नाहीत. कुणी म्हणालं नजर गेली, कुणी म्हणालं समितीवाल्यांशी संधान बांधलं. चाचा भांडले नाहीत. त्यांनी मला एकदाच फोन केला. "साहेब, वहीत चूक न्हाई न्हवं?" मी नाही म्हणालो. "मग माझंच काय तरी झालं असंल," म्हणाले, आणि माझ्या घरच्यांची चौकशी करून फोन ठेवला. फाल्गुनात नवी ज्वारी आली तेव्हा त्यांना कुणी तोलायला बोलावलं नाही.

वैशाखात आमच्याकडे वर्षाचे तांदूळ घेतात. एक शेतकरी दरवर्षी दारात येऊन मोजून देतो. मी सवयीने कागदावर रेघा ओढत होतो. झाल्यावर म्हटलं, पाच मापं. बायको म्हणाली, सहा. मी रेघा दाखवल्या. ती म्हणाली, "अहो, लाभ धरलं नाहीत तुम्ही. लाभ म्हणजे पहिलं माप. एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन. तुम्हाला एवढं माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मी तांदळाचे पैसे सहा मापांचे दिले आणि आत जाऊन फाईल काढली. एक्केचाळीस माणसं, प्रत्येकी एक माप, प्रत्येक माप दहा किलो. चारशे दहा. नव्वदवालीचेही दहा कमी, तीसवालीचेही दहाच. माप चढतं असतं तर जिचा माल जास्त तिचं नुकसान जास्त झालं असतं. हा गुणाकार तिसरीतलं पोर करील. नऊ महिने दोन्ही आकडे एकाच फायलीत होते आणि मी ते शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. चाचा दारात बाजेवर बसले होते, अंगाने निम्मे झालेले. त्यांची बायको मेहरुनबी पाणी घेऊन आली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "म्हंजी काटा बरोबर व्हता?"

"बरोबर होता, चाचा. चूक माझी."

चाचा बायकोकडे वळून म्हणाले, "आगं, मग मी त्यो भंगारात का दिला?"

मेहरुनबीने पदर तोंडाला लावला. मला कळलं ते एवढंच, की फाल्गुन संपताना, कुणी बोलावलं नाही तेव्हा, स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडून त्यांनी तराजू आणि वजनं किलोवर विकून टाकली होती. दारावर आलेल्या भंगारवाल्याने ती स्प्रिंगच्या काट्यावर मोजून नेली. मी शोधून आणतो म्हणालो. चाचा म्हणाले, "कुटं शोधतासा? वितळला बी असंल."

त्यांची एक्केचाळीस मापांची तोलाई मी खिशातून काढली. त्यांनी हात मागे घेतला. "आधी त्यांचं द्या. माझं शेवटी. आन् देताना म्हणा कशाचं हाय त्ये."

समाजमंदिरात मी सगळ्यांना बोलावून माझी चूक सांगितली. हिराक्का माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती पायांत चपला घालून सरळ चाचांच्या दारात गेली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते, आणि मला म्हणाली, "तुमी सांगाय तरी आलासा. आमी तर हितंच हुतो." यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

धान्य समितीने घेतलं होतं, तेव्हा रक्कम समितीनेच द्यायची होती. जाण्यायेण्याचा खर्च मी केला. चाळीस रुपयांनी दहा किलोचे चारशे, याप्रमाणे सोळा हजार चारशे. एकोणचाळीस जणींना त्याच आठवड्यात दिले. दोघी नवऱ्यांकडे मुंबईला गेल्या होत्या, त्या गणपतीला येणार होत्या. त्या आल्या, मी गेलो, त्यांचे आठशे दिले, कशाचे ते सांगितलं. मग चाचांच्या घराकडे निघालो, तर हिराक्काने हाताने थांबवलं. चाचांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. शेवटच्या महिन्यात ते बोलत कमी आणि झोपत जास्त, एवढं तिने सांगितलं.

माझ्या खतावणीत त्या खरेदीची शेवटची नोंद अशी आहे: तोलाई, एक्केचाळीस मापं, दर दोन रुपये, एकूण ब्याऐंशी रुपये, मेहरुनबी यांच्या हातात दिले.