होल्याची ओ

इथले अनुभव मी रोज डबा खाताना वाचते आणि निम्म्याहून जास्त वेळा हसते. दोन-तीन जणांची कमेंटमध्ये टिंगलही केली आहे... त्यांनी आज माझी खुशाल करावी. मी झूलॉजी शिकलेली बाई. रानात काही चमकलं तर ते कुणाचे तरी डोळे असतात आणि काही ओरडलं तर त्याला एक शास्त्रीय नाव असतं, एवढंच मला माहीत. भूतबित मानणाऱ्यांतली मी कधीच नव्हते. तरी हे लिहायला बसले आहे, कारण बाबांना जाऊन वर्ष होत आलं, आणि आईजवळ हा विषय काढला की ती उठून गॅस पुसायला लागते.

आम्ही बदलापूरचे. म्हणजे आता. बाबांचं गाव ते लहान असतानाच बारवी धरणाच्या पाण्याखाली गेलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून आसपास राहतात. पुढे बाबांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलं. पत्रा ठोकणारी ती यंत्रं दिवसभर कानाशी... रिटायर होईपर्यंत कान गेले. समोर बसून मोठ्याने बोललं तर कळायचं, पण लांबचे, बारीक, चढे आवाज त्यांच्यासाठी केव्हाच संपले होते. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून असायचं.

बाबांची एक सवय सांगायलाच हवी. हाक आली की ते लगेच 'ओ' द्यायचे. कुणाचीही हाक, कुणालाही मारलेली. आईने शेजारच्या काकूंना हाक मारली तरी आतल्या खोलीतून बाबांची ओ! खाली भाजीवाला ओरडला तरी ओ. आमच्या बिल्डिंगमध्ये यावरून त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. कान गेल्यावर तर कहर झाला — कुणी काही बोललं नसलं तरी ते अंदाजाने मधूनच 'ओ' द्यायचे. आम्ही पोटभर हसायचो. बाबाही हसायचे.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बारवीच्या जंगलात कॉलेजांची निसर्ग-कौशल्यांची स्पर्धा होती. ठसे ओळखणे, डोळे बांधून सालीवरून झाड ओळखणे, नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या जागी पोचणे, असल्या फेऱ्या. दोघांची एक टीम. माझी जोडीदार कोमल, उल्हासनगरच्याच कॅम्प तीनची सिंधी मुलगी. तिच्या पप्पांचा जीन्स शिवायचा कारखाना घराखालीच. "मला पक्षी म्हणजे कबूतर आणि कावळा, बाकी सब तू संभाल," असं तिने आधीच जाहीर करून टाकलं होतं. पण होकायंत्र तिच्या हातात दिलं की ती कधी चुकायची नाही. पहिला दिवस संपताना आम्ही पुढे होतो.

शेवटची फेरी ऐकण्याची. प्रत्येकाने चिठ्ठी उचलून मिळेल त्या जागी एकट्याने बसायचं, डोळे मिटायचे आणि शिट्टी होईपर्यंत नुसतं ऐकायचं. मग कागदाच्या मध्यावर फुली मारायची — ती फुली म्हणजे आपण — आणि कुठल्या दिशेने कसला आवाज आला ते भोवताली मांडायचं. नियम एकच, तोंडातून आवाज काढायचा नाही. काढला की फेरीतून बाद.

मला जागा मिळाली ती अगदी पाण्याच्या काठाची. मागे साग, पुढे धरणाचं पाणी, पलीकडे एक बोडकी टेकडी. थंडीचे दिवस, तिन्हीसांजेची वेळ. टिटवी ऐकली, तांबट ऐकला, लांब रस्त्यावरचा डंपर ऐकला. मग पाण्याच्या बाजूने एका बाईची हाक आली.

"होल्याऽऽऽ... ओ दे रेऽऽऽ"

मी दचकले वगैरे अजिबात नाही. वाटलं, पलीकडे कुणीतरी पोराला नाहीतर वासराला बोलावतंय. पुन्हा आली. पुन्हा. प्रत्येक वेळी आवाज जरा पुढे सरकलेला, शोधत चाललेल्या माणसासारखा. शेवटच्या हाकेत तर रडणं होतं. मला फार वाटलं की ओ द्यावी, निदान ती बाई थांबेल तरी. पण नियम! मी ओठ घट्ट दाबून बसून राहिले.

शिट्टी झाली. मी कागदावर पाण्याच्या दिशेला लिहिलं, 'बाई, होल्याला हाक'.

परीक्षक सर कागद बघून हसले. "तिकडे कोण बाई? पाणी आहे नुसतं. पलीकडे वस्ती नाही, वाट नाही. होला घुमत असेल गं... होला ऐकलास म्हणून डोक्यात 'होल्या' आला." होला म्हणजे ते छोटं कबूतरासारखं पाखरू, सगळ्यांना माहीत असतं. सरांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. न ऐकलेला आवाज लिहिला म्हणून मार्क कापले गेले आणि ट्रॉफी दुसऱ्या कॉलेजने नेली. कोमलने परतताना मला चांगलंच सोलून काढलं. "मी सीधा लिहिलं, 'डंपर, पूर्व'. फुल मार्क! आणि तू? तुझी ती बाई आपली ट्रॉफी खाऊन गेली यार."

घरी जेवताना मी बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, होल्यापायी ट्रॉफी गेली!"

बाबांचा घास तसाच हातात राहिला. चिडले की काय असं वाटलं मला. एरवी आमच्याशी शहरातलं बोलणारे बाबा एकदम गावाकडचं बोलायला लागले.

"ह्या नाव तुला कोनी सांगला?"

"कुठलं नाव?"

"होल्या. ह्या नाव कोनी सांगला तुला?"

मी झालेलं सगळं सांगितलं. हाकेतले पुढचे शब्द मी सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, "ओ दे रे, अशी बोलत व्हती काय?"

मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. होल्या म्हणजे बाबाच. लहानपणी होले पाळायचे म्हणून त्यांच्या आईने ठेवलेलं नाव. तिच्याखेरीज कुणी त्या नावाने हाक मारली नाही आणि तिच्यानंतर कुणाच्या तोंडात ते आलं नाही. गाव उठायचं ठरलं तेव्हा सामानाची बांधाबांध चालली होती. नव्या जागी पाखरं कुठे ठेवायची म्हणून आजीने टोपलीखालचे होले सोडून दिले. बाबा रुसले आणि उंबरावर चढून बसले. सांज झाली, आजी हाका मारत फिरायला लागली.

"मी बगत व्हतो ना वरशी," बाबा म्हणाले. "माज्या झाडाखालशी गेली ती. मी ओ दिली नाय. राग व्हता मला... ती नदीच्या अंगाला गेली. नदीला पानी व्हता."

दुसऱ्या दिवशी आजी नदीत सापडली. एवढं सांगून बाबांनी ताट बाजूला सारलं. त्यांच्या त्या सवयीला आपण किती हसलो होतो, ते मला तेव्हा आठवलं. फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून बारवी रोडने तिथे घेऊन गेले. त्यांना फक्त एकदा ओ द्यायची होती. घरून निघताना मी मशीन घ्या म्हटलं, तर "तो शिट्टीच मारीत बसेल" म्हणून त्यांनी ते घेतलं नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. का धरला नाही?... हे मी आता रोज स्वतःला विचारते.

काठावर बसल्यावर त्यांनी पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याकडे बोट केलं. तिथे त्यांचं घर होतं आणि जरा अलीकडे उंबर. आता नुसतं पाणी. मी स्पर्धेत बसले होते तशीच डोळे मिटून बसले. होला घुमत होता, खराखुरा. बाबांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं. मी मधेच डोळे उघडले तर ते पाण्याकडे बघतच नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आली?"

मी नाही म्हणून मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा, "आली?" पुन्हा नाही. उजेड कमी होत चालला. त्यांचा हिरमुसलेला चेहरा मला बघवेना.

"तू आयकली ती हाक कशी व्हती? मारून दाखव," ते म्हणाले.

मी मारली. त्यांनी मान झटकली. "नाय, अशी नाय. शेवट वर चढवायचा." पुन्हा मारली. पुन्हा चुकली. शेवटी ते स्वतःच उठले, तोंडाभोवती हात धरले आणि त्यांच्या आईची हाक मारून दाखवली.

"होल्याऽऽऽ... ओ दे रेऽऽऽ"

हुबेहूब तीच. तोच चढ, तोच शेवटचा हेल. आणि तेवढ्यात समोरून, टेकडीच्या अलीकडून, जिथे उंबर होता असं बाबा म्हणाले होते तिथून...

"ओऽऽऽ"

लहान मुलाचा आवाज. मी बाबांचा दंड धरला.

"काय जाला?"

"बाबा, ओ आली!"

"कोनाची?"

"पोराची. छोट्या पोराची. तिकडून."

त्यांनी कानामागे हात धरला आणि त्या दिशेला वाकले. मी एवढ्या आशेने ऐकणारा माणूस पुन्हा पाहिला नाही. त्यांनी परत हाक मारली, परत, आवाज फाटेस्तोवर. काही आलं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"नक्की आयकली तू?"

"नक्की, बाबा. शप्पथ."

"रुसल्यावानी व्हती?"

मी त्यांना आवाज कसा होता ते सांगितलंच नव्हतं. पण होती तशीच. द्यायची तर नाही, पण देतो एकदाची, अशी फुरंगटलेली ओ. मी हो म्हटलं. बाबा काठावर खाली बसले आणि मला म्हणाले, "मंग आयशीनं आयकली आसंल." आणि लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मशीन कानाला लावलं. त्याने शिट्टी मारली तरी लावलं. पुढे ते एकटेच रिक्षा करून धरणावर जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. काही ऐकू आलं का, हे आम्ही विचारायचो नाही, चपला काढताना चेहऱ्यावरून कळायचंच. एक फरक मात्र पडला. उगाच ओ देणं बंद झालं. आई खालून हाका मारून दमायची, आणि वर आल्यावर म्हणायची, "पूर्वीचं बरं होतं."

कोमलला मी सगळं सांगितलं. तिच्याकडे नळाला बारवीचंच पाणी येतं. ती एवढंच म्हणाली, "हमारे घर में वही पानी आता है ना."

आता त्या स्पर्धेत ऐकण्याच्या फेरीला मी परीक्षक असते. कुणी पाण्याच्या दिशेला काही वेगळं लिहिलं तर मी मार्क कापत नाही. मुलं मात्र टिटवी लिहितात, डंपर लिहितात, आणि होला लिहितात.

मी बरीच डोकेफोड केली आहे. संध्याकाळी पाण्यावरून आवाज लांबवर जातो, हे शास्त्र मलाही ठाऊक आहे. पलीकडे एखादं गुरं राखणारं पोर असेल, त्याने गंमत म्हणून ओ दिली असेल. असेलही. पण मग त्या हाकेतलं नाव? तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, हसलात तरी चालेल. मला उत्तर सापडलेलं नाही आणि खरं तर ते शोधण्यात आता मनही लागत नाही. रुखरुख निराळीच आहे. ती हाक बाबांना होती. ती ओ बाबांची होती. दोन्ही मी ऐकल्या. बाबांनी एकही नाही.