जिनाच्या बायकोची भाकरी

गोष्ट सांगायची तर समोर हुं म्हणणारा लागतो, एवढी साधी बाब त्या गोऱ्या साहेबाला ठाऊक नव्हती. लई शिकलेला माणूस. अरबी यायची, उर्दू तर आमच्या मास्तरांपेक्षा साफ बोलायचा. मी निजामाच्या राज्यात उर्दू तिसरीपर्यंत गेलेला. मराठी लिहायला नंतर माझा मी शिकलो, त्यात कुणाचे उपकार नाहीत.

चिटगुप्प्याच्या बाजारात एका अडत्याच्या दारावर म्हातारा अरब पहारेकरी होता. कमरेला वाकडा जंबिया, दाढीला मेंदी. अशा अरबाला आमच्याकडं चाऊस म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो. त्याच्या आज्यानं समुद्रापलीकडून आणलेले किस्से त्याच्या पोटात होते. बोलणं सगळं दखनीत, पण इथं मी ते माझ्या भाषेत लिहितोय. दर बाजाराला दुबलगुंडीहून मिरच्या घेऊन जायचो, विकून झाल्या की त्याच्यासमोर पोत्यावर बसायचो आणि हुं म्हणायचो. सात वर्षं. लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी ते सुटलं नाही.

आई म्हणायची, "दिसा गोष्टी ऐकल्या की मामा वाट चुकतोय." माझे दोन्ही मामा आमच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळं मला काळजी नव्हती.

पण मी नुसता हुं म्हणणारा नव्हतो. मी विचारायचो. एका किश्श्यात बसऱ्याचा व्यापारी विहिरीत पडतो, तळाला जिनाचं घर. जिन त्याला कैदेत ठेवतो, पण जेवू घालतो. मी विचारलं, "काय वाढलं?"

सांगणाऱ्यानं माहीत न्हाई म्हणायचं नसतं. चाऊसनं बाजारावरून नजर फिरवली. "जवारीची भाकरी. पुंडीची भाजी." अंबाडीला आमच्याकडं पुंडी म्हणतात.

"थापली कुणी?"

झालं, जिनाला बायको करावी लागली. पुढच्या बाजाराला मी तिच्या हाताचा दणका केवढा ते विचारलं. ती भाकरी थापायला बसली की वर बसऱ्यात धरणीकंप व्हायचा, कबुतरं उडायची, न्हाव्याचा हात हलून काजीची अर्धी दाढी जायची. मग व्यापाऱ्यानं भाकरीची तारीफ केली. हजार वर्षांच्या संसारात जिनानं एकदाही केली नव्हती. ती अशी हरखली की विहिरीच्या काठावर जाऊन पदर खाली सोडून तिनं त्याला वर काढला. आम्ही दोघं हसून हसून पोत्यावरून खाली आलो होतो त्या दिवशी.

एका हिवाळ्यात साहेब चाऊसचे किस्से लिहून घ्यायला आला आणि मुसाफिर बंगल्यात उतरला. त्यानं सांगितलं, हे अरबी किस्से दोनशे वर्षांमागं त्याच्या मुलखात गेले आणि लोक येडे झाले. बाया फेटे बांधून मेजवानीला जायच्या. एकानं तर्जुमा करताना आपल्या पदरचं घातलं, दुसऱ्यानं लाजेचं तेवढं कापलं, तिसऱ्यानं कुणा प्रवाशाच्या तोंडून ऐकलं तेही आत शिवलं. आता अस्सल कुठलं आणि मागाहून शिवलेलं कुठलं, याचा हा अभ्यास करत होता. त्यावर त्याला पदवी मिळाली होती.

"माझ्या आज्याला न्हाई मिळाली," चाऊस म्हणाला.

साहेब मेज मांडून लिहायला बसला. चाऊसनं एक वाक्य सांगितलं आणि थांबला. साहेब गप. दुसरं सांगितलं. साहेब गप. चाऊसनं वाकून बघितलं, "झोपलाय काय ह्यो?" आणि मला बोलावणं आलं. चार दिवस मी खुर्चीवर बसून हुं म्हटलं. पोत्यापेक्षा खुर्ची टोचती, पण उठलो नाही.

चौथ्या दिवशी विहिरीचा किस्सा निघाला. जिनाची बायको आली तसा साहेब उभाच राहिला. अशी बाई कुठल्याच जुन्या पोथीत नाही म्हणाला. फार प्राचीन असणार, हे आपण छापणार.

मी गप बसलो असतो तर ती छापली जाणार होती, पण चाऊसच्या आज्याच्या नावावर. बोललो तर कापली जाणार होती. मला दोन्ही नको होतं. ती छापलेलीही पाहिजे होती आणि माझीही पाहिजे होती.

"साहेब, ती बाई मी आणलीय."

साहेबानं चाऊसकडं बघितलं. चाऊस म्हणाला, "हौ. पुसतोय ह्यो. लई पुसतोय."

साहेबाचं तोंड उतरलं. दोन पानांवर त्यानं आडवी रेघ ओढली. मग विचारलं, आज्याच्या किश्श्यात व्यापारी वर कसा आला?

चाऊसनं दाढीला हात लावला. "पक्षी हुता वाटतंय." मग म्हणाला, "का दोर." मग छताकडं बघून म्हणाला, "याद न्हाई. भाकरी आल्यापास्नं पक्षी उडून गेला."

"मग बसू द्या त्याला विहिरीत," मी म्हटलं. "बाई काढलीत, आता वर कोण ओढतंय?"

साहेब म्हणाला, "पण ही भेसळ आहे."

"तुमच्या मुलखातल्यांनी घातलं, कापलं, शिवलं, त्याचा तुम्ही अभ्यास करायलाव. दुबलगुंडीच्या माणसानं एक भाकरी घातली तर भेसळ व्हय?"

साहेबानं लेखणी खाली ठेवली. मग हसायला लागला. चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसला. त्याचं बघून चाऊस, चाऊसचं बघून मी. बंगल्याचा खानसामा दारात येऊन उभा राहिला, काय झालं ते न कळताच तोही हसायला लागला.

मग साहेब म्हणाला, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप देतो.

"तळाशी कामून? मी पायाशी बसणारा न्हाई."

अर्धा घंटा वाद झाला. शेवटी त्यानं नवा कागद घेतला आणि मधोमध लिहिलं, की इथं ऐकणाऱ्यानं विचारलं, भाकरी थापली कुणी. "ह्यात मी कुठं हाय ते दाखवा," मी म्हटलं. त्यानं 'ऐकणारा' हा शब्द दाखवला. मी त्यावर बोट ठेवलं. शाई ओली होती, मी सगळाच्या सगळा फिसकटलो. साहेबानं कपाळाला हात लावला आणि मला पुन्हा लिहिलं.

पुस्तक निघालं का, याची मी कधी चौकशी केली नाही. निघालंच असणार. त्या कागदावर तरी मी मधोमध होतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.