साडूच्या घराचा आग्नेय कोपरा

आमच्या घराण्यात जमिनीखाली आजवर करांद्याच्या कंदांशिवाय कोणाला काही सापडलेलं नाही. तरीही निवृत्त झाल्यावर मी धातू शोधायचं यंत्र मागवलं.

काठीच्या टोकाला थाळी, कानाला हेडफोन आणि खाली धातू असला की टूंऽऽ! पहिल्याच आठवड्यात श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून मी बाटल्यांची इतकी बुचं उपसली, की भर ओहोटीतही समुद्र दोन पावलं पुढे सरकलेला दिसायचा. (खोटं वाटत असेल तर समुद्राला विचारा.) त्यातल्या त्यात दागिना म्हणावा असा एक घोडागाडीच्या घोड्याचा नाल निघाला. "आता घोडा शोधा," वंदना, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

पण तिचं लक्ष थट्टेत नव्हतं. महिन्याभरापूर्वी बोर्ली पंचतनला तिच्या धाकट्या बहिणीच्या, सुलूच्या, नव्या घराची वास्तुशांत झाली. त्या गर्दीत वंदनाची नथ हरवली. दाबाची, मोत्यांची, तिच्या आईनं दिलेली. अंगण झाडून झालं, निर्माल्य चिवडून झालं, नथ काही मिळाली नाही. आणि दिवाळीला सासूबाई आमच्याकडे येणार होत्या. त्या आल्या की आधी लेकीचं नाक बघतात, मग तोंड. वंदना हल्ली घास हातात धरून नुसती बसून राही.

नथ मी काढून देणार म्हणजे देणारच, असं मी जाहीर केलं. सुलूच्या घरात तोडफोड करायची नाही, एवढंच ती म्हणाली. याला मी परवानगी समजलो.

बोर्लीला पोचलो तेव्हा सुलूचा नवरा बबन डंपर घेऊन कामावर गेला होता. मी अंगणापासून सुरुवात केली. बांधकामाचे खिळे, तारांचे तुकडे आणि गवंड्याची एक थापी निघाली. सुलूनं तीनदा चहा विचारला, मी तीनदा नको म्हणालो. मोहिमेवर माणूस चहा घेत नाही. (पोहे घेतो.) म्हणून दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या आणि मी यंत्र घेऊन घरात शिरलो.

कोपऱ्यातल्या एका फरशीवर थाळी नेली मात्र, यंत्रानं असा टाहो फोडला की हेडफोन माझ्या कानात असूनही परसातली खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली! फरशीखाली नथ कशी जाईल, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला मात्र लगेच उत्तर सुचलं. उंदीर!

थापी हाताशी होतीच. फरशी उचकटली, कोपरभर वाळू उपसली आणि तांब्याची डबी हाती लागली. मी ओरडलो, "सापडली!"

दोघी धावत आल्या तोवर मी डबी उघडली होती. आत सुकलेली फुलं, धान्य आणि एक चांदीची छोटी मूर्ती, पालथी पडलेली. कोण आहे ते नीट दिसावं म्हणून मी ती उताणी केली.

पोह्यांची ताटली खाली ठेवून सुलू सावकाश म्हणाली, "भावोजी, हा आमचा वास्तुपुरुष."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाला घराच्या आग्नेय कोपऱ्यात पालथा पुरतात, तो कायमचा. त्याला पुन्हा उजेड दाखवायचा नसतो. हे मलाही ठाऊक होतं. पण त्याला पुरलं तेव्हा सगळे आत हात जोडून उभे होते आणि मी मांडवामागे जिलबी कशी झालीय ते बघत होतो. (चार वेळा.)

बबन आला. त्यानं खड्डा पाहिला, मूर्ती पाहिली, मला पाहिलं. "साडूभाऊ, भिंती ऱ्हाऊ देताव ना? आपलं इचारून ठेवतो."

गुरुजींनी फोनवर सांगितलं, सगळा विधी पहिल्यापासून करावा लागेल, आणि गावजेवणही. ज्यानं देवाला उठवलं त्यानंच जेवण घालायचं, ही पुरवणी बबनची. पहिल्या वेळी मुंबईहून येता न आलेले पाहुणेही या वेळी आवर्जून येतो म्हणाले, बहुधा मला बघायला.

दुसऱ्या वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी निघताना वंदनानं कपाटातून मागच्या वेळी नेसलेलाच शालू काढला. घडी मोडली, आणि पदराच्या जरीत अडकलेली नथ फरशीवर पडली. ती पलंगावर बसून आधी रडली, मग हसली. मी संधी सोडली नाही. "यंत्रामुळेच मिळाली. मी खणलं नसतं तर तू शालू काढला असतास?" तिनं नथ नाकात घातली आणि लग्नानंतर प्रथमच माझ्या बोलण्यावर मान डोलावली. बोर्लीत मात्र बबननं मला खड्ड्यापासून दहा हातांवर खुर्ची दिली आणि विधी संपेपर्यंत खांद्यावरचा हात काढला नाही.

गुडघ्यांमुळे दोन्ही वास्तुशांती चुकलेल्या सासूबाई दिवाळीला आल्या. लेकीचं नाक पाहून समाधान पावल्या. मग सुलूनं त्यांना फोनवर सगळी हकिगत सांगितली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ते यंत्र आधी घरच्या कपाटावर का नाही फिरवलंत?"

"कपाट लोखंडी आहे, आई. तिथं ते उगाच वाजत बसलं असतं."

"वाजू द्यायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "एकदा तरी बरोबर वाजलं असतं."