कोटांची राखण

नाशिक रोडच्या कॉलनीत आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचा कुणावरच भरवसा नव्हता. कुलूप लावलं की ओढून बघायच्या आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढायच्या. कुणी काही सांगितलं की म्हणायच्या, "असं आपलं ते म्हणतात, हं."

ऐंशी सालच्या सुमारास त्या लेकीकडे म्युनिकला जाऊन आल्या. लेक-जावयानं मोठं चित्रसंग्रहालय दाखवलं, दोनतीनदा नेलं, असं सांगायच्या. वर्णन मात्र एकाच चित्राचं करायच्या. खिडकीशी बसलेली बाई, मांडीवर पिवळी शाल, शालीचा एक कोपरा उसवलेला. आणखी काय पाहिलं, असं विचारलं की उठून गॅस बघायला जायच्या. मला संशय यायला लागला, की ह्या तिथं गेल्याच नसाव्यात.

पुढं लेक माहेरी आली, तेव्हा मी तिला हळूच विचारलं.

ती हसली. "आली होती की. पण आत जाताना कोट दारातल्या माणसाकडे ठेवावे लागतात, ते ठेवायला ही तयार होईना. दर वेळी आमचे सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन दारातल्या बाकावर बसून राहिली. समोर ते एकच चित्र होतं."

चहा घेऊन आलेल्या काकूंनी ते ऐकलं. "बाहेर बर्फ पडत होता," त्या म्हणाल्या. "कोट गेले असते, तर नातवंडांना घरी कसं आणलं असतं?"

लेकीचं हसू मावळलं. तिनं आईच्या हातातला ट्रे घेतला.

"पुढच्या खेपेला मी बसते बाकावर. तू आत जा."

काकूंनी तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

"तुझं लक्ष नाही राहायचं," त्या म्हणाल्या.