डावा रूळ

टेंभुर्णीला एका साखरपुड्यात माझ्या हातात माईक होता आणि समोर तीनशे माणसं हसत होती, तेव्हा खिशातला फोन थरथरला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. शाळेत मी मराठी शिकवतो, पण लग्नसराईत आमच्या भागात मला ओळखतात ते माईकवाले सर म्हणून, आणि रंगात आलेला माईकवाला फोन घेत नसतो. मी माझी हुकमी नक्कल करत होतो. आमचा साला रेल्वेतून रिटायर झालाय, पण अजून बंद पडलेल्या लाईनीवरून फिरतो, रुळांखालून पाणी जायला ठेवलेल्या प्रत्येक मोरीपाशी थांबतो, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो आणि खाली बघत राहतो... "मी विचारलं, उत्तमराव, काय दिसतंय? म्हणतात, दाजी, मोरी चेक करून राह्यलो. अहो, पण गाडी बंद होऊन पंचवीस वर्षं झाली! म्हणतात, म्हणूनच टाईम लागून राह्यला." इथे मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचो आणि मांडव उसळायचा. त्या दिवशीही उसळला. फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी वाकलेलाच होतो, तसाच तो काढून कानाला लावला. माझी बायको शोभा म्हणाली, "अहो... दादा गेला." मी सरळ झालो नाही. लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, हाही नकलेचाच भाग आहे.

शोभाचा थोरला भाऊ म्हणजे उत्तमराव. मूळ केदारखेड्याचे. घरची शेती दोन भावांत वाटल्यावर हे विशीत रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये लागले, नंतर कीमन झाले. कीमन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतल्या रुळांवरून चालणारा माणूस. रूळ धरून ठेवणारी एखादी चावी सैल झाली की ती ठोकायची, बोल्ट आवळायचा, पुढे जायचं. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस असा चालला. वयानं माझ्याहून सात वर्षांनी मोठा, पण नात्यानं मी दाजी, त्यामुळे ते मला अहो-जाहो करायचे, माझ्या आधी ताटावर बसायचे नाहीत. आमच्याकडे जावयाच्या हातात ओझं दिसलं तर सासरवाडीची मान खाली जाते. मी या रिवाजाचा जितका निर्लज्ज फायदा घेतला तितका मराठवाड्यात दुसऱ्या कुणी घेतला नसेल. मी खोकलो तरी ते पाणी आणायचे, म्हणून मी अधूनमधून उगाच खोकायचो. त्यांना ते कळायचं. पाणी तरी आणायचे.

रिटायर झाल्यावर दोन महिन्यांतच ते कासावीस झाले. दारात खुर्ची टाकून बसायचे आणि पाय हलवत राहायचे. एकदा म्हणाले, "दाजी, येता का खदानीच्या लाईनीवर? मी नोकरीला लागलो ती तिथंच." जालन्याहून परतूरकडे जाताना एक छोटं स्टेशन लागतं. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तुम्ही तिथे पोचाल. छोट्या गाडीच्या, म्हणजे मीटर गेजच्या काळात तिथून एक फाटा निघून सात किलोमीटरवरच्या दगडाच्या खदानीपर्यंत जायचा. रुळांखाली टाकायची खडी तिथून यायची. मोठी लाईन झाली, फाटा बंद पडला, रूळ उचलून नेले. राहिला तो मातीचा लांबलचक भराव, बाभळी आणि नऊ मोऱ्या. मला चालण्याची हौस नव्हती. मला गोष्टींची हौस होती आणि बंद पडलेली लाईन म्हटल्यावर मला आधी मांडवच दिसला. म्हणून मी हो म्हणालो.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला कायदा सांगितला. कीमन जाताना एक रूळ बघतो आणि येताना दुसरा. म्हणून जाताना उजव्या रुळावरून, येताना डाव्या. मी भरावावर इकडेतिकडे पाहिलं. रूळ कुठे होते? गवत होतं. पण त्यांना ते दिसत असावेत, कारण सात किलोमीटर ते एका सरळ ओळीत चालले, मधे बाभूळ आली तर वळसा घालून पुन्हा त्याच ओळीवर यायचे. परतताना मी मुद्दाम घोळ घातला. "उत्तमराव, डावा तर आता उजव्या हाताला आला." ते गंभीरपणे म्हणाले, "रूळ बाजू बदलत नसतो दाजी. आपण फिरलो." आणि अर्धाच रूळ बघून घरी जायचं म्हणजे? "न्हाई जमत. एक बघितला न् एक सोडला म्हंजे लाईन बघितलीच न्हाई. बिलकुल न्हाई."

चौथ्या मोरीच्या पुढे भरावावर एकाने मोसंबीची बाग चढवली होती. तो शेतकरी म्हणजे किसनबप्पा. सत्तरीचा, पांढऱ्या टोपीचा माणूस धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "सायब, सर्व्हे हाय का? पुन्हा लाईन टाकून राह्यले का?" उत्तमराव तोंड उघडणार तेवढ्यात मी छाती काढली. "अजून वरून आदेश यायचाय. पण ही झाडं आम्ही लिहून घेतली आहेत." बप्पांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा पाजला, मोसंबी सोलून दिली. मी एकेक फोड खाताना झाडांकडे असं बघत होतो की त्यांचा चेहरा उतरत जायचा. उत्तमरावांनी मोसंबीला हात लावला नाही. पुढच्या मोरीवर गेल्यावर म्हणाले, "दाजी, तुम्ही बसा इथं. मी आलो." आणि उलट पावली अर्धा किलोमीटर गेले. परत आले ते बप्पांना घेऊनच. बप्पा माझ्यासमोर उभे राहिले, टोपी काढली, नीट झटकली, पुन्हा घातली. "मास्तर हाय म्हणं तुम्ही. मला आज रातीला झोप न्हवती लागणार, म्हाईत हाय का?" मग हसले आणि त्या दिवसापासून मला सायब म्हणूनच हाक मारू लागले, जरा लांबवून. उत्तमराव मला रागावले नाहीत. दाजींना रागवायचं नसतं. इतकंच म्हणाले, "दाजी, माणूस खरंच घाबरल्यालं कळत न्हाई का तुम्हाला?" मी म्हणालो, कळतं की, म्हणून तर रंगत येते. आज ते वाक्य मला कुठे ठेवू, कळत नाही.

दोन हिवाळे आम्ही ती लाईन चाललो. झोळा त्यांच्या खांद्यावर असायचा. मळखाऊ जाड कापडाचा, लांब पट्ट्याचा. "द्या इकडं" असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी त्यांनी दिला नसता, हे मी मनाला तेव्हाही सांगायचो आणि आजही सांगतो. वाटेत मला काळ्या दगडाचा एखादा तुकडा आवडायचा. मी नाटकी आवाजात म्हणायचो, "उत्तमराव, हा त्या काळच्या खडीचा शेवटचा साक्षीदार, जपा." ते झोळ्यात टाकायचे. पाणी लागलं की मी हात पुढे करायचो, ते बाटली ठेवायचे. बसावंसं वाटलं की माझं घडीचं स्टूल निघायचं. ते स्वतः भरावावर बसायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात ते मोऱ्यांपाशी थांबू लागले. आधी तिसऱ्या आणि सहाव्या मोरीवर, मग प्रत्येक. "थांबा दाजी, मोरी बघून घेतो." गुडघ्यांवर हात ठेवायचे, वाकायचे आणि खाली बघत राहायचे, बराच वेळ. मी पुढे जाऊन वळायचो आणि ओरडायचो, "मोरी तपासणी अधिकारी, चला, मालगाडी मागून येऊन राह्यली!" ते वाकलेलेच हात वर करायचे... थांबा. मला ते इतकं आवडलं की घरी आरशासमोर तालीम केली. वाकायचं कसं, मान किती खाली, हात कधी वर करायचा. त्या मोसमात ही नक्कल मी सात-आठ मांडवांत केली. माणसाचं निरीक्षण करण्याबद्दल मला शाळेत, गावात, सगळीकडे मान आहे. मी त्यांची टाच किती वळते ते पाहिलं, पंचा खांद्यावरून कसा घसरतो ते पाहिलं. माणूस गुडघ्यांवर हात ठेवून वाकतो तो कशासाठी, एवढंच पाहिलं नाही.

शेवटच्या रविवारी आम्ही उजव्या रुळावरून खदानीपर्यंत गेलो. खदानीत आता पाणी आहे, काठावर खडी भरायचा दगडी ओटा आहे. उत्तमराव ओट्यावर आडवे झाले. मी पुढच्या लग्नाचं भाषण त्यांना म्हणून दाखवलं, ते डोळे मिटून हसत होते. निघताना किसनबप्पांची ट्रॅक्टर-ट्रॉली खदानीपलीकडच्या मळ्यातली मोसंबी घेऊन स्टेशनाकडे जाताना रस्त्यावर दिसली आणि उत्तमराव म्हणाले, "दाजी, आज बप्पाच्या ट्रॉलीत बसून जाऊ." मी कमरेवर हात ठेवले. "आणि डावा रूळ?" ते म्हणाले, "डावा पुढच्या आयतवारी." ट्रॉलीत झोळा मांडीवर घेऊन बसले होते. मी बप्पांना ओरडून सांगत होतो की आज रेल्वेचा कायदा मोडला, इतिहासात नोंद होणार. बप्पा हसले नाहीत. आरशातून मागे बघत होते. त्यांना दिसलं होतं काहीतरी. मला दिसलं नाही. पुढच्या रविवारी माझा कार्यक्रम होता. त्याच्या पुढच्याही. तिसरा रविवार म्हणजे टेंभुर्णी.

दहाव्यानंतर रुक्मिणवहिनींनी, म्हणजे उत्तमरावांच्या बायकोनं, मला बसवून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं, हृदय नीट काम करत नाही, ओझं उचलू नका, चढ चढू नका. गोळ्या चालू होत्या. संभाजीनगरला न्यायचं चाललं होतं, पण ते हिवाळा संपू दे म्हणत होते. "मी म्हणले, दाजीला सांगते. तर माझ्यावरच खेकसले. म्हणे दाजीला कळालं तर ते यायचे बंद होतील. आयतवार गेला मंग." मग वहिनींनी मुलाचा मोबाईल आणला. कुणीतरी माझ्या नकलेचा व्हिडिओ काढून पाठवला होता. "हे रोज बघायचे. दोन-दोन बार. मला म्हणायचे, बघ, दाजीनं बराबर पकडलं मला. बराबर असाच वाकतो मी."

लोक मला समजावतात की ते हसले म्हणजे त्यांनी तुम्हाला माफ केलं. माफ करायला आधी राग यावा लागतो हो. त्यांना तो आलाच नाही, आता मी माफी मागू कुणाला?

वहिनींनी खुंटीवरचा झोळा माझ्यापुढे ठेवला. "हे तुमचंच सामान हाय, दाजी." मी एका हाताने उचलायला गेलो आणि तो उचलला गेला नाही. दोन वर्षांत मी पहिल्यांदा त्याला हात लावत होतो. दोन बाटल्या पाणी, माझं स्टूल, माझी छत्री, माझी शाल, बसायचं बारदान, माझ्यासाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. तळाशी माझे सगळे साक्षीदार, काळे दगड. मोजले नाहीत. एकही टाकला नव्हता. त्यांचं स्वतःचं म्हणाल तर एक पंचा.

मागच्या रविवारी मी किसनबप्पांना फोन केला. ते मोटारसायकल घेऊन स्टेशनावर आले, मला खदानीपर्यंत सोडलं आणि बागेत निघून गेले. मी झोळा खांद्यावर घेतला, बाटल्या भरलेल्या, दगडांसकट, आणि डाव्या रुळावरून निघालो. रूळ मला कधीच दिसला नव्हता, त्या दिवशीही दिसला नाही. भरावाची कड धरून चाललो. नवव्या मोरीपाशी दम लागला. मी गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाकलो. खाली वाळलेलं गवत, थोडी वाळू, एक तुटकी चप्पल. बघण्यासारखं काहीही नव्हतं. आठवीवर वाकलो, सातवीवर वाकलो. तालमीशिवाय.

बागेपाशी बप्पा उभे होते. "सायब," या वेळी त्यांनी ते लांबवलं नाही, "झोळा आज तुमच्याकडं?" मी मान हलवली. त्यांनी एक मोसंबी आणली, आत टाकू का म्हणून विचारलं, आणि टाकली. पुढे चार मोऱ्या होत्या. त्याही बघितल्या. स्टेशनावर पोचलो तेव्हा फलाटावर कुणी नव्हतं. डावा झाला, असं मी मोठ्यानं म्हणालो, कारण आयुष्यात मी काहीच मनात म्हटलेलं नाही.

झोळा आता आमच्या घरात दारामागे असतो. उत्तमराव माझ्याहून वीतभर उंच होते, पट्ट्याला त्यांच्या मापाची गाठ आहे, त्यामुळे तो मला खाली लोंबतो आणि चालताना आतले दगड पावलागणिक गुडघ्याला लागतात. शोभानं परवा माझा गुडघा पाहिला आणि म्हणाली, "अहो, गाठ सोडून आखूड करून देऊ का?" तिचे हात गाठीपर्यंत गेले होते. दादानं मारलेली गाठ. तिनेच हात मागे घेतला.

या रविवारी उजवा.