नावाची पट्टी

राजेश्वरी बाई पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवतात ते आवाज जोडून. 'म' म्हणायचं, श्वास न तोडता 'का' म्हणायचं, की 'मका' बाहेर पडतो. चार महिन्यांत आमच्या कोऱ्हाळे गावची पोरं घडाघडा वाचायला लागतात. मग पालकांसमोर प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाची पट्टी येते आणि ती त्यानं स्वतः वाचायची. मी शेजारच्या वर्गावर असते, पण तो दिवस चुकवत नाही.

यंदा मात्र बाई त्या दिवसाला घाबरत होत्या. वर्गातल्या एका मुलीला सगळे नकू म्हणायचे. हजेरीत नाव होतं नकोशी, म्हणून बाई हजेरी नंबरानंच घ्यायच्या. तिसरीही मुलगीच झाली म्हणून आजीनं, धोंडाबाईंनी, ठेवलेलं. पाठोपाठ शंभूराज जन्मला आणि नाव लागू पडलं असं घरानं धरलं. पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. वाचता आलं की कळणार होतं.

बाई नाव बदलायचा अर्ज घेऊन तिच्या घरी गेल्या. मीही गेले.

"नाव बदललं आन् माझ्या शंभूराजला काय झालं म्हंजी?" धोंडाबाई म्हणाल्या. "मलाबी धोंडाच म्हणत्यात. काय बिघडलं माझं?"

मला असा संताप आला की चहा न घेताच उठले. त्यांची सून रेश्मा, नकूची आई, खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

इकडे नकू रोज पुढं जात होती. 'गाजर' वाचलं, 'कोबी' वाचला. पोर शिकतंय म्हणून धास्तावलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी त्यांनी पट्टीवर नुसतं 'नकू' लिहिलं.

पालकांसमोर, आई-आजीच्या देखत, तिनं ते झटक्यात वाचलं आणि तोंड पाडलं. "बाई, समद्यांची नावं मोठी. माझंच का एवढंसं?"

आणि लगेच तिनं टेबलावरची हजेरी ओढली. आपला सातवा नंबर तिला पाठ होता. बोट ठेवलं.

"न... को... शी. नकोशी!"

जमलं म्हणून ती हसली. मग हसू थांबलं.

"आई, मी कुणाला नको?"

रेश्मा उठली. "बाई, त्यो अर्ज द्या. सही मी करती. नाव काय लिवायचं ते तिलाच इचारा."

धोंडाबाई नातवाला छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या. नातीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.